अनुरूप साथ

‘तबल्यावर अमुक यांनी आणि हार्मोनियमवर तमुक यांनी अनुरूप साथ केली.’ गेली अठरा वर्षं मी गाण्याच्या कार्यक्रमांवर लिहिते आहे आणि हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. कधी ‘अनुरूप’च्या जागी ‘समर्पक’ येतं, कधी ‘पूरक’. वादक तरुण असेल तर ‘आश्वासक’. वाक्याची जागाही ठरलेली, शेवटून दुसरी. शेवटचं वाक्य गर्दी किती होती याचं. मजकूर जास्त झाला की उपसंपादक खालून कापत येतो, त्यामुळे साथीचं वाक्य कैकदा छापून आलेलंच नाही. ते गेलं म्हणून परीक्षणात काही उणं राहिलं, असं मला कधी वाटलं नाही. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती. जे काढल्यावर काही उणं राहत नाही, ते लिहिताना आपण ऐकलं तरी काय होतं?

ही शंका मला या दिवाळीत जयपूरला आली, तीही एका गैरसोयीच्या खुर्चीमुळे.

माझा धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने जयपूरला असतो. यंदा भाऊबीजेला मीच त्याच्याकडे गेले आणि चार दिवस आधी पोचले. तिथल्या मराठी मंडळींनी ‘दिवाळी पहाट’ ठरवली होती. इतर भाषांतून मराठीकडे आलेल्या वाचकांसाठी सांगते, नरकचतुर्दशीला किंवा दिवाळीतल्या एखाद्या दिवशी पहाटे उठून, अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून गाण्याच्या मैफलीला जायचं, ही आमच्याकडची अलीकडची रीत. पुण्या-मुंबईत, ठाणे-डोंबिवलीत ती आता इतकी रुजली आहे की जणू पूर्वापार चालत आली असावी. भूपाळीने सुरुवात, मग अभंग, नाट्यगीतं, भावगीतं, जुनी सिनेमातली गाणी आणि शेवटी भैरवी. मराठी माणूस परगावी गेला की फराळाच्या डब्याबरोबर ही पहाटही घेऊन जातो. जयपुरात त्या दिवसाला रूप चौदस म्हणतात. आदल्या रात्री आम्ही जोहरी बाजारातली रोषणाई पाहून उशिरा परतलो होतो आणि पहाटे साडेचारला वहिनीने उटण्याची वाटी हातात ठेवली.

वहिनी कार्यक्रमाच्या समितीत. तिने मला पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. एका शाळेच्या पटांगणावर स्टेज बांधलं होतं आणि ही खुर्ची त्या रांगेत अगदी उजवीकडच्या टोकाला होती. खुर्चीसमोर स्पीकरांची चळत उभी. तिच्यामुळे मधोमध बसलेले दोन्ही गायक मला दिसतच नव्हते. त्यांचा आवाज यायचा, आणि कधी ताना घेणारा एखादा हात स्पीकरच्या कडेबाहेर येऊन परत जायचा. दिसत होते ते फक्त वादक. वहिनीला ओशाळल्यासारखं झालं, तिने जागा बदलून द्यायची तयारी दाखवली. मीच ‘राहू दे’ म्हटलं. तेव्हा तो आळस होता. पुढच्या अडीच तासांत त्याचं दुसरं काही झालं.

गायक-गायिका पुण्याहून आले होते, त्यांच्याबरोबर हार्मोनियमवाले आणि तबलजी. बाकीचे चौघे जयपूरचे: सारंगी, बासरी, कीबोर्ड आणि ढोलक-टाळ वगैरे सांभाळणारा तालवाद्यांचा एक पोरगा. पत्रिकेवर छापलं होतं, ‘सुमधुर गीतांचा ऑर्केस्ट्रा’. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवातली सिनेमाची गाणी डोळ्यांसमोर येतात, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात जराशी तुच्छता येते. पाश्चात्त्य अर्थाने पाहिलं तर सहा वादकांना ऑर्केस्ट्रा म्हणणं धाडसाचंच. समोर कागद नाही, हातात छडी घेतलेला संचालक नाही, आणि एकत्र तालीम म्हणजे आदल्या संध्याकाळी दोन तास, असं वहिनीकडून कळलं. तरी सहा माणसं एकाच वेळी एकच गाणं वाजवतात. ते कसं, हे मी इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं.

पहिली गोष्ट दिसली ती थंडीची. जयपुरात या दिवसांत पहाट चांगलीच गार असते, आणि उघड्या पटांगणावर दव पडलेलं. तबल्याचं कातडं ओल धरतं आणि स्वर खाली बसतो. सारंगीच्या मुख्य तारा तातीच्या, त्याही हवेप्रमाणे सैलावतात. हार्मोनियम मात्र आपल्या पट्टीवर ठाम. सगळ्यांनी तिच्याशी जमवून घ्यायचं. पावणेसहाला गाणं सुरू झालं तेव्हा तबलजींनी तबला चढवून घेतलेला होता. साडेसहा उलटल्यावर ऊन आलं, आणि ते आधी स्टेजच्या आमच्या बाजूला पडलं, नेमकं तबल्यावर. आता कातडं वाळून ताणलं जाऊ लागलं आणि स्वर वर सरकू लागला. तबलजींनी निवेदनाच्या वेळात गजऱ्यावर खालून हातोडीचे हलके ठोके देत तो उतरवला. पुढच्या निवेदनात पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यांनी बसण्याची जागा वीतभर मागे, स्पीकरच्या सावलीत घेतली. निवेदिका तेव्हा सूर्योदयाचं वर्णन करत होती, आणि श्रोते मान वळवून उगवतीकडे पाहत होते. ज्याच्यासाठी सूर्योदय ही एक अडचण होती असा माणूस स्टेजवर एकच होता.

त्याच निवेदनात एक वाक्य आलं. ‘आज आपण प्रत्यक्ष जयपूर घराण्याच्या भूमीत गाणं ऐकतो आहोत.’ मग अल्लादिया खाँ, केसरबाई, मोगूबाई, किशोरीताई ही नावं आली आणि मोठ्या टाळ्या झाल्या. वाक्य चुकीचं नव्हतं. अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ मधला, जयपूरच्या मुलखातल्या उणियारा या ठिकाण्यातला. पण ज्या गायकीला आपण जयपूर-अत्रौली म्हणतो ती वाढली कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या आश्रयाला, आणि पुढे मुंबईत. तिला आवाज दिला तो केरीच्या केसरबाईंनी आणि कुर्डीच्या मोगूबाईंनी, म्हणजे गोव्याने. आज जयपुरात ‘जयपूर घराणं’ म्हटलं तर पुष्कळांना आधी कथक आठवतं. गाण्याचं जयपूर ही बरीचशी आपली मराठी मालमत्ता आहे आणि त्या सकाळी आपण ती तिच्या गावी परत दाखवायला नेली होती.

नावांची ती ओळ संपल्यावर निवेदिकेने पुण्याहून आलेल्या दोघा वादकांची नावं सांगितली, आणि पुढे म्हणाली, ‘त्यांच्यासोबत जयपूरचे काही स्थानिक कलाकार आहेत.’ हे ‘काही’ चौघे माझ्यापासून पंधरा फुटांवर बसले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण टाळ्या आपल्यासाठी आहेत की नाहीत हे कळायला भाषा लागत नाही. सारंगीवाले खुंटी पिळत होते. बासरीवाल्याने मफलर नीट केला.

जयपुरात हे घडावं याचं मला जास्त वाटलं, कारण या शहराने वादकांची दफ्तरं ठेवली आहेत. दरबाराचे ३६ कारखाने होते, कारखाना म्हणजे खातं. त्यांतलं एक गुणीजनखाना. गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे या खात्याचे पगारी नोकर. सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८८० पर्यंत, त्याची भरभराट होती. बेहराम खाँ डागरांसारखे धृपदिये तिथे होते. दरबाराला वादकांबद्दल फार प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. पण पगार द्यायचा तर वहीत नाव लागतं. आपल्या टाळ्यांना ते लागत नाही.

आता गाण्याकडे येते. अहिरभैरवातला एक अभंग गायिकेने सुरू केला. तिची पट्टी काळी चार, गायकाची काळी एक. जोडीने कार्यक्रम करणाऱ्यांच्या पट्ट्या अशा असतील तर ते वादकांचं नशीबच, कारण काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. सारंगीवाल्यांनी सारंगी काळी एकला लावलेली होती आणि ते गायिकेसाठी पंचमाला षड्ज मानून वाजवत होते. ऐकणाऱ्याला हे जाणवत नाही. पाहणाऱ्याला दिसतं, कारण डाव्या हाताची सगळी वस्तीच बदलते. सारंगीची तार बोटाच्या टोकाने दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी कडेने ती अडवतात. पट्टीवर पडदे नसतात. खाली पस्तीसच्या आसपास तरफेच्या तारा असतात, आणि त्या एका रागासाठी लावल्या की दर गाण्यागणिक बदलता येत नाहीत. म्हणजे गायिका ज्या गाण्यात ‘रंगात येते’, त्यात सारंगीवाला स्वतःच्याच वाद्याच्या अर्ध्या झंकाराशी भांडत असतो.

आणि त्यांना शब्द कळत नव्हते. मी पाहत राहिले की हे ओळीचा शेवट कसा ओळखतात. तबल्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते गायिकेच्या तोंडाकडे पाहत होते, ओठ मिटायच्या आधी गालाची जी हालचाल होते तिच्याकडे. श्वास कुठे घेणार हे त्यांना कळत होतं, आणि श्वासाच्या त्या जागेतच त्यांची एक छोटी सुरावट येऊन जाई. दुसऱ्या अंतऱ्यात एका ठिकाणी श्वास होता पण त्यांनी जागा भरली नाही, गज तारेवर ठेवून नुसते थांबले. गायिकेने तिथे अर्धा श्वास घेतला होता आणि त्याच स्वरावर परत येऊन शब्द पुरा केला. कुणी ती फट भरली असती तर शब्द तुटला असता. अर्थ न कळता शब्द न तोडण्याची ही कला मी आजवर ‘अनुरूप’ या एका शब्दात गुंडाळत आले होते.

कीबोर्डवर विशी-बाविशीचा मुलगा होता. एकट्या त्याच्यासमोर वही होती. तिच्यात त्याने देवनागरीत सरगम लिहिलेली, पिसेस लाल शाईने. जुन्या चित्रपटगीतांतल्या व्हायोलिनच्या ताफ्याचं काम तो दोन हातांनी करत होता, आणि मला त्याचा आवाज आवडत नव्हता. कृत्रिम व्हायोलिनला गज बदलल्याची जाणीव नसते, आवाज आरंभापासून शेवटापर्यंत एकसारखा सपाट. शिवाय ध्वनिव्यवस्थेवाल्याने कीबोर्ड इतका पुढे ठेवला होता की शेजारची सारंगी तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचली असेल की नाही शंका आहे. पण तो मुलगा जे वाजवत होता ते कुणाचं होतं, हे आठवल्यावर माझा राग ओसरला.

हिंदी चित्रपटसंगीताचा तो भरजरी आवाज मुंबईतल्या वादकांनी, त्यांतही मोठ्या संख्येने गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी उभा केला. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यांतली ठळक नावं. संगीतकाराच्या चालीला वाद्यमेळाचं अंग देणं, स्वरलेखन करणं, पन्नास माणसांना एका वेळी वाजवायला लावणं हे त्यांचं काम. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांना कधी जागा मिळाली, बहुतेकदा नाही. गोन्साल्विसांचं नाव घरोघर पोचलं ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे, कारण लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य होते. नाव पोचलं ते एका विनोदी गाण्यातून; मागचा माणूस लोकांना माहीत नव्हता. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिलं ते २००८ साली. तोवर यांतले कितीतरी जण हयात नव्हते.

योगायोग असा की त्या सकाळी मुलाने वाजवलेल्या गाण्यांत ‘महल’मधलं गाणं होतं. ‘महल’चे संगीतकार खेमचंद प्रकाश राजस्थानातल्या सुजानगढचे, त्यांचे वडील जयपूर दरबारचे गायक. १९४९ मध्ये त्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं छापलं होतं, चित्रपटातल्या पात्राचं. लता मंगेशकरांचं नाव नव्हतं. पार्श्वगायकांना श्रेय मिळावं यासाठी पुढे जे भांडण झालं ते आपल्याला माहीत आहे आणि त्याचा अभिमानही आहे. मी एवढंच म्हणेन की लताबाईंच्या वाट्याला निदान खोटं नाव तरी आलं होतं. मागे वाजवणाऱ्यांना तेही नव्हतं.

मग ते नाट्यगीत आलं, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. सोळा मात्रांचा पंजाबी ठेका, मुखडा नवव्या मात्रेपासून उचलायचा. गायिकेने ताना चांगल्या घेतल्या, जरा जास्तच घेतल्या, आणि परतताना मुखडा आठ मात्रा आधी उचलला. म्हणजे तिची सम तबल्याच्या खालीवर येणार. अशा वेळी तबलजीला दोन वाटा असतात. एक, आपला ठेका काटेकोर धरून ठेवायचा. मग चूक गायिकेची आहे हे जाणत्यांना कळतं. दुसरी, आपणच अर्ध्या आवर्तनाने फिरायचं.

सगळ्यात आधी हार्मोनियमवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मान न वळवता फक्त डोळे तबलजींकडे नेले. तबलजींनी हनुवटी किंचित खाली घेतली. त्याच क्षणी सारंगीवाल्यांनी गज उचलला. हे महत्त्वाचं, कारण ते जुन्या समेच्या हिशोबाने सूर भरत राहिले असते तर दोन समा झाल्या असत्या. तालवाद्यांच्या पोराला काही कळलं नव्हतं, तो ढोलकवर जुनंच वाजवत होता. बासरीवाल्याने बासरीचं टोक त्याच्या गुडघ्याला लावलं आणि तो थांबला. मग तबलजींनी चार मात्रांत एक तुकडा घेतला, असा की जणू तो आधीपासून ठरलेला होता, आणि ठेका फिरवून गायिकेच्या समेवर आले. सारंगी पुढच्या आवर्तनाला परत आली.

हे सगळं अर्ध्या आवर्तनात झालं, काही सेकंदांत. स्पीकरमधून एक सहज सुंदर सम ऐकू आली आणि पटांगणावर त्या सकाळची सगळ्यात मोठी दाद उठली. माझ्या शेजारच्या काकांनी मांडीवर थाप मारून म्हटलं, ‘काय समेवर आली!’ ती समेवर आली नव्हती. सम तिच्यापर्यंत आणली गेली होती. गायिकेच्या बाजूने हेही सांगायला हवं की तिला ते कळलं होतं. स्पीकरच्या कडेबाहेर तिचा हात आला आणि कानाच्या पाळीला लागून गेला.

मी सभागृहाच्या मध्यावर बसले असते तर माझं परीक्षण काय झालं असतं ते मला ठाऊक आहे. ‘नाट्यगीतात तानांची बरसात करून अचूक समेवर येण्याचं त्यांचं कौशल्य वाखाणण्याजोगं होतं. साथ अनुरूप.’ म्हणजे जिथे साथ सर्वांत मोठी होती तिथे मी ती गायिकेच्या खात्यावर जमा केली असती. असं आजवर किती वेळा झालं असेल?

हा दोष माझ्या एकटीचा आहे असं वाटत नाही. आपली संगीतसमीक्षा गायकीची समीक्षा म्हणून वाढली. वामनराव देशपांडे यांचं १९६१ चं ‘घरंदाज गायकी’ हे तिचं मोठं पुस्तक. घराण्यांचा विचार स्वर आणि लय यांच्या नात्यातून कसा करावा हे आम्ही त्यातून शिकलो. पण मैफल म्हणजे गायक, हेही आम्ही नकळत गृहीत धरलं. खरं तर दुसरी वाटही आपल्याकडे होती. अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र लिहिणारे गोविंदराव टेंबे स्वतः हार्मोनियमवादक होते. मैफल त्यांनी गायकाच्या शेजारून पाहिली होती. आणि नाटकांच्या प्रेक्षकाला हे भान होतंच. बालगंधर्वांच्या आठवणी सांगणारी जुनी माणसं थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्याबद्दलही तितक्याच ओढीने बोलत. त्यांना साथ ऐकू येत होती. ती ऐकायचं आम्ही कधी सोडलं?

साथीतून सुटायचा एक रस्ता राजस्थानच्याच एका सारंगीवाल्याने दाखवला. उदयपूरचे रामनारायण १९४९ मध्ये मुंबईत आले, चित्रपटांसाठी वाजवू लागले, आणि साथ सोडून एकट्याने सारंगी वाजवायची असं त्यांनी ठरवलं. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमधला त्यांचा पहिला प्रयत्न श्रोत्यांनी पुरा होऊ दिला नाही. लोकांना पुढच्या मोठ्या कलावंतांची घाई होती. दोन वर्षांनी ते जमलं, आणि सारंगीला जगभर मान मिळाला. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांनी हेच लिहिलं की त्यांनी सारंगीला साथीच्या जोखडातून सोडवलं. ते खरंच आहे. पण या वाक्यात साथ म्हणजे जोखड हे आपण मान्य करून टाकतो. प्रत्येक साथीदाराने ऐकू येण्यासाठी एकल वादक व्हायचं का? पाश्चात्त्य वाद्यवृंदात शेवटच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचंही नाव कार्यक्रमपत्रिकेत छापतात, मुंबईतही छापतात, आणि तो आयुष्यभर शेवटच्या रांगेत बसला तरी त्याला कुणी अपुरा कलावंत म्हणत नाही.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल आणि गुणगान हा ‘अनुरूप साथ’चाच थोरला भाऊ. साथ सगळीकडे चांगली नव्हती. भावगीतांत सारंगी कमी पडली. तिथे शब्द छोटे आणि ठाशीव असतात, सारंगीची मींड त्यांच्यामागे रेंगाळत राहिली. बासरीवाला प्रत्येक पिसाच्या शेवटी तीच एक लकेर घेत होता. चौथ्यांदा ती ऐकताना मी मनात आधीच गुणगुणून घेतली. आणि तबलजी, ज्यांनी नाट्यगीत वाचवलं, त्यांनीच भैरवीत टाळीसाठी इतकी मोठी तिहाई घेतली की शेवटचा शब्द तिच्याखाली गेला. पाहण्यातही एक धोका आहे. डोळे कामाला लागले की कान सुस्तावतात, आणि जो जास्त हावभाव करतो तो जास्त वाजवतो असं वाटू लागतं. म्हणून शेवटची दोन गाणी मी डोळे मिटून ऐकली. सारंगी कीबोर्डच्या खालून शोधून काढावी लागली. पण एकदा सापडल्यावर पुन्हा हरवली नाही.

कार्यक्रम संपला. गायकांभोवती फोटोंसाठी गर्दी झाली, आणि वादक स्टेजमागे चहा आणि चकलीच्या पुड्याशी. मी वही घेऊन सारंगीवाल्यांकडे गेले. सारंगीला गवसणी घालणं चाललं होतं. मी मराठी वळणाच्या हिंदीत म्हटलं, ‘उस्तादजी, मैं गाने के बारे में लिखती हूँ. आपका नाम बताइए.’ मला वाटलं मी आता एक जुनं देणं फेडते आहे.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘नाम मत लिखिएगा, बहनजी.’ मी विचारलं, का? ‘आज सुबह एक और जगह बुलावा था. वहाँ बुख़ार बताया है.’ त्या दुसऱ्या ठिकाणी वर्षभर काम असतं, इथे वर्षातून एकदा. पण इथे गाणं होतं, म्हणून इथे आले. नाव छापून आलं तर तिकडचं काम जाईल.

मी वही मिटली. माझं सगळं म्हणणं नावावर येऊन थांबत होतं, आणि ज्याचं नाव लिहायचं त्यालाच ते नको होतं. ‘तो फिर क्या लिखूँ?’ मी विचारलं. ते हसले. ‘लिखिए कि ठंड बहुत थी.’

घरी परतताना मी तेच वाक्य घोळवत होते. ‘अमुक यांनी अनुरूप साथ केली’ या वाक्यात नाव असतं आणि केलेलं काम नसतं. इथे मला काम ठाऊक होतं आणि नाव लिहायची मुभा नव्हती. दोन्हींतलं एकच मिळणार असेल तर काय घ्यावं? नाव हा हक्क आहे, पत्रिकेवर ते छापलंच पाहिजे, निवेदिकेने ते स्पष्ट उच्चारलंच पाहिजे. त्याबद्दल मतभेद असू नये. पण परीक्षण लिहिणाऱ्याचं काम नावापाशी संपत नाही, तिथून सुरू होतं. नुसतं नाव लिहायला मैफलीला जावं लागत नाही, ते पत्रिकेवरून उतरवता येतं. मी पुष्कळदा तसंच केलं आहे.

गाडीत वहिनीने विचारलं, ‘कसं झालं? तुला काही दिसलंच नसेल तिथून.’ मी तिला नाट्यगीतातल्या त्या आठ मात्रा सांगितल्या. तिने दोनदा विचारून नीट समजून घेतलं आणि म्हणाली, ‘मग पुढच्या वर्षी त्या चौघांची नावं पत्रिकेवर घालू.’ थोडं थांबून म्हणाली, ‘आधी त्यांना विचारून.’

तर परीक्षण असं. रूप चौदसच्या पहाटे, जयपूर. ठंडी फार होती. तबलजींनी अडीच तासांत तीन वेळा उन्हाशी जुळवून घेतलं आणि एकदा गायिकेशी. हार्मोनियमवाल्यांना चूक सगळ्यांत आधी कळली आणि त्यांनी ती चेहऱ्यावर येऊ दिली नाही. कीबोर्डवरच्या मुलाने पन्नास अनामिक माणसांचं काम लाल शाईच्या खुणांवर केलं. बासरीवाल्याची लकेर एकच होती, पण त्याने एका पोराला वेळेवर थांबवलं. सारंगीवाल्यांनी न कळणाऱ्या भाषेतला एकही शब्द तोडला नाही, आणि ज्या क्षणी वाजवायचं नव्हतं त्या क्षणी गज उचलला. गाणाऱ्या दोघांनीही अनुरूप साथ केली.